गाण्यातून घडणारी नजर : म्युझिक व्हिडिओ, दिग्दर्शक आणि आपले पेडणे-डिचोली

शिगम्याच्या दिवसांत आणि चतुर्थीनंतर आपल्या गावोगावच्या तरुणांनी चित्रित केलेली गाणी मोबाइलवरून फिरू लागतात. कोणी मांडऱ्याच्या किनाऱ्यावर, कोणी मये तलावाच्या काठी, तर कोणी घरच्या अंगणात तुळशीवृंदावनासमोर चित्रीकरण केलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांना हा वेळ घालवण्याचा उद्योग वाटतो. परंतु आज नावारूपाला आलेल्या अनेक दिग्दर्शकांनी सिनेमाची पहिली अक्षरे अशीच गाण्यावर गिरवली आहेत. म्हणून सभासदांसाठी आणि विशेषतः या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी हा माहितीपर लेख आम्ही देत आहोत. गाणे चित्रित करता करता दिग्दर्शकाची दृश्यशैली कशी घडते, आपल्याकडे याची उदाहरणे कोणती आणि आपल्या दोन तालुक्यांतील मुलांना त्यातून काय घेता येईल, असे तीन प्रश्न आम्ही येथे घेतले आहेत.

म्युझिक व्हिडिओ म्हणजे काय

आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यासाठी जोडलेली तीन ते पाच मिनिटांची चित्रमालिका म्हणजे म्युझिक व्हिडिओ. चित्रपटातील गाण्याला मागेपुढे कथा असते. म्युझिक व्हिडिओला ती नसते. जे सांगायचे ते त्या चार मिनिटांतच सांगावे लागते. संवाद जवळजवळ नसतात. त्यामुळे प्रकाश, रंग, वेशभूषा, चेहरा, हालचाल आणि संकलन यांच्यावरच सगळी मदार राहते. दिग्दर्शकाची नजर घडण्यास ही अडचणच उपयोगी पडते. शब्दांनी सांगण्याची सोय काढून घेतली की चित्राने सांगणे भाग पडते.

जुनी परंपरा : प्रभातपासून गुरुदत्तपर्यंत

‘म्युझिक व्हिडिओ’ हा शब्द नवा असला तरी गाण्यातून दिग्दर्शक घडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटातील अभंग कथेतल्या माणसांच्या रोजच्या वागण्यातून उमलतात. दुसऱ्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत बाजूला ठेवून परिसरातील नैसर्गिक आवाजांवर भर दिला. गाणे कुठे यावे आणि कुठे येऊ नये, याचा विचार मराठी पडद्यावर तेव्हापासून होत होता.

याच प्रभातमध्ये गुरुदत्त पदुकोण नावाचा तरुण दाखल झाला. अल्मोडा येथे उदय शंकर यांच्या केंद्रात त्याने नृत्याचे शिक्षण घेतले होते. १९४६ च्या ‘हम एक हैं’ या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन त्याने केले. ‘बाजी’ हा त्याने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९५१ साली आला. माणूस चौकटीत कुठून शिरतो, कुठे थांबतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर किती पावले चालतो, याचे भान गुरुदत्तला नृत्याने दिले होते. त्याच्या चित्रपटांत पात्र बोलता बोलता गाऊ लागते. मोठी सुरावट वाजवून गाणे येत असल्याची वर्दी दिली जात नाही. १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साह्याने सूर्यप्रकाश स्टुडिओत आणला आणि त्याचा एकच झोत रिकाम्या सेटवर सोडला. त्या गाण्यात दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, आणि त्यांच्यातील सगळे अंतर त्या प्रकाशात दिसते.

विजय आनंद यांनी १९६५ च्या ‘गाइड’मध्ये ‘तेरे मेरे सपने’ हे गाणे अगदी मोजक्या, लांबलचक शॉटमध्ये बसवले. गाणे म्हटले की भराभर दृश्ये बदलायला हवीत, हा समज त्यांनी साठ वर्षांपूर्वीच खोटा ठरवला होता.

वाहिन्यांचा काळ

अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली आणि म्युझिक व्हिडिओला रोजचे घर मिळाले. डेव्हिड फिंचर यांनी मॅडोनाच्या ‘एक्सप्रेस युवरसेल्फ’ आणि ‘व्होग’ या गाण्यांचे व्हिडिओ केले. पुढे १९९५ च्या ‘सेव्हन’मध्ये दिसलेला काळोख आणि काटेकोर चौकट यांचा सराव तेथे झालेला होता. जालंधरचे तरसेम सिंग यांनी १९९१ साली ‘आर.ई.एम.’ या वाद्यवृंदाच्या ‘लूझिंग माय रिलिजन’ या गाण्यासाठी युरोपीय धर्मचित्रांसारखी दृश्ये उभी केली. ‘द सेल’ आणि ‘द फॉल’ या त्यांच्या चित्रपटांत तीच चित्रमय मांडणी मोठ्या पडद्यावर आली.

आपल्याकडे १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि हिंदी पॉप गाण्यांची लाट उसळली. केन घोष यांनी १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’चा व्हिडिओ केला. २००३ मध्ये त्यांनी ‘इश्क विश्क’ दिग्दर्शित केला. अनुभव सिन्हा हेही म्युझिक व्हिडिओंकडून ‘तुम बिन’ (२००१) या चित्रपटाकडे आले.

सर्वांत बोलके उदाहरण प्रदीप सरकार यांचे आहे. शुभा मुद्गल यांचे ‘अब के सावन’ आणि ‘युफोरिया’ या वाद्यवृंदाची गाणी त्यांनी चित्रित केली. पाऊस, जुनी घरे, गल्ल्या, ओले अंगण आणि एखाद्या लहानशा प्रेमकथेचा धागा ही त्यांची खूण होती. ‘युफोरिया’च्याच एका गाण्यात विद्या बालन होत्या. २००५ साली सरकार यांचा पहिला चित्रपट ‘परिणीता’ आला तेव्हा नायिका विद्या बालनच होत्या आणि पडद्यावर जुने कलकत्ता त्याच जिव्हाळ्याने उभे राहिले होते. जुन्या वास्तूत प्रकाश कसा शिरतो याचा अभ्यास त्यांनी चार-चार मिनिटांच्या गाण्यांत आधीच केला होता.

भन्साळी आणि गोवा

संजय लीला भन्साळी यांची वाट थोडी वेगळी असली तरी ती गाण्यातूनच गेली. विधू विनोद चोप्रा यांच्या ‘परिंदा’ (१९८९) आणि ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ (१९९४) या चित्रपटांतील गाण्यांच्या चित्रीकरणाचे काम त्यांनी केले. त्यानंतर १९९६ मध्ये त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट आला तो ‘खामोशी : द म्युझिकल’. त्याची कथा गोव्यातील आहे. आईवडील मूकबधिर आणि मुलगी गायिका. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासमोर गाणे कसे मांडायचे, हा या चित्रपटाचा गाभाच होता. गाण्याला डोळ्यांनी पाहण्याचे रूप देणे हेच ज्याचे काम होते, अशा माणसाने पहिल्या चित्रपटासाठी ही कथा निवडली यात नवल नाही. २०१० चा ‘गुजारिश’ही गोव्यातच घडतो. जुना वाडा, पडदे, मेणबत्त्या आणि अंथरुणाला खिळलेला जादूगार असे ते जग आहे.

या दोन्ही चित्रपटांतील गोवा देखणा आहे, पण तो ख्रिस्ती घरांचा आणि समुद्राचा गोवा आहे. हिंदी गाण्यांनी आणि चित्रपटांनी देशाला गोव्याचा जो चेहरा दाखवला त्यात किनारा, चर्च, गिटार आणि बाटली एवढेच वारंवार आले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे येथील देवळे, मांड, जत्रा, दशावतार आणि मराठी कीर्तन-भजनाची परंपरा टिकून राहिली. हा गोवा पडद्यावर क्वचितच दिसतो. ही उणीव कोणी बाहेरचा माणूस येऊन भरून काढील, असे आम्हांस वाटत नाही.

मराठीतील वाटा

मराठीत खाजगी गीतसंग्रहांचा जोर २००० नंतर वाढला. वैशाली सामंत यांनी गायिलेले आणि अवधूत गुप्ते यांनी संगीतबद्ध केलेले ‘ऐका दाजिबा’ घरोघरी पोहोचले, यात त्याच्या व्हिडिओचाही वाटा होता. गुप्ते पुढे दिग्दर्शनाकडे वळले. ‘झेंडा’ २०१० मध्ये आला. २०१५ च्या ‘एक तारा’मध्ये त्यांनी एका गायकाचीच कथा घेतली.

रवी जाधव जाहिरातक्षेत्रातून आले. जाहिरात ही म्युझिक व्हिडिओची सख्खी बहीण म्हणावी लागेल, कारण तिथेही थोड्या सेकंदांत चित्राने सारे सांगावे लागते. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ हा जाधव यांचा पहिला चित्रपट २०१० च्या आरंभी प्रदर्शित झाला. महेश लिमये यांच्या कॅमेऱ्याने तमाशाच्या फडातील उजेड, घाम, घुंगरू आणि प्रेक्षकांच्या नजरा अशा टिपल्या की लावणी कथेबाहेरची वाटत नाही. पुढच्याच वर्षी ‘बालगंधर्व’मध्ये जाधव यांनी नाट्यसंगीताच्या वैभवाचे दर्शन घडवले.

नागराज मंजुळे यांचे उदाहरण मुलांनी जरूर अभ्यासावे. ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाच्या कथेत गाणे नाही. अजय-अतुल यांचे गाजलेले गाणे प्रसिद्धीसाठी स्वतंत्रपणे केलेले होते. त्यानंतर २०१६ मध्ये आलेल्या ‘सैराट’मध्ये मात्र चारही गाणी भरभरून आहेत. ऊस, विहीर, धूळ, पाखरांचे थवे आणि संथ केलेली गती यांनी ते प्रेम पडद्यावर फुलते. ही चारही गाणी पूर्वार्धात आहेत. नायक-नायिका गाव सोडून हैदराबादला जातात आणि गाणे संपते. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच नाही. गाण्याने उभे केलेले जग काढून घेतल्यावर जी पोकळी उरते तीच त्या चित्रपटाचा घाव होते. गाणे कुठे थांबवावे हे ज्याला कळते, त्याला गाणे कळले.

गोव्याच्या पडद्यावर

गोव्याचा आणि भारतीय चित्रपटसंगीताचा संबंध जुना आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड अशा गोमंतकीय वादक-संयोजकांनी मुंबईच्या हिंदी गाण्यांना वाद्यमेळाचे अंग दिले. पहिला कोंकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० मध्ये आला. फ्रँक फर्नांड यांनीच पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या चित्रपटांची निर्मिती केली. १९७७ च्या ‘भुंयारांतलो मनीस’ने कोंकणी पडद्यावर रंग आणला. या चित्रपटांची गाणी लोकांच्या ओठांवर चित्रपटांपेक्षा जास्त टिकली.

आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ येणारा गोमंतकीय चित्रपट म्हणजे बार्डरॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’. बार्रेटो हे जाहिरातपटांच्या क्षेत्रातले. ख्रिस पेरी यांची सुमारे वीस गाणी घेऊन त्यांनी एकच कथा गुंफली. साठ-सत्तरच्या दशकांतील मुंबईचे क्लब, वादक आणि गायिका असे ते जग आहे. येथे गाणे कथेला जोडलेले नाही, कथाच गाण्यांच्या क्रमातून पुढे सरकते. म्हणजे एकापाठोपाठ एक असे अनेक म्युझिक व्हिडिओ आणि तरीही सलग चित्रपट, अशी ही अवघड कसरत आहे. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. निर्मिती-संकल्पनेचा पुरस्कार त्याला मिळाला आणि अभिनेत्री पालोमी घोष यांच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. जुने माइक, कपडे, भिंतींचे रंग, नाचाची पद्धत हे सारे जमवण्यासाठी त्या काळाचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. पुरस्कार त्या अभ्यासाला होता.

याच्या अगदी उलट टोकाला लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा ‘पलतडचो मनीस’ आहे. आपल्या पेडणे तालुक्यातील मोरजीशी नाते सांगणाऱ्या या दिग्दर्शकाने महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरीवरून हा चित्रपट केला. २००९ च्या टोरांटो महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. गोवा-कर्नाटक सीमेवरचे रान, वनरक्षक आणि वेडसर ठरवली गेलेली स्त्री अशी ही कथा आहे. ती गाण्यांच्या आधारावर उभी नाही. रानाचे आवाज आणि माणसांचे गप्प राहणे यांवर ती चालते. दोन्ही चित्रपट एकामागोमाग पाहिले तर गाण्याची शक्ती कळते आणि गाण्यावाचूनची शक्तीही कळते.

गाणे दिग्दर्शकाला काय शिकवते

*काळाचा हिशेब.* गाणे आधीच मुद्रित असल्याने त्याची लांबी ठरलेली असते. समजा गाण्याचा वेग मिनिटाला १०० ठोके आहे आणि आपण सेकंदाला २५ चौकटी या गतीने चित्रण करतो. म्हणजे एक ठोका १५ चौकटींचा आणि चार ठोक्यांचे आवर्तन ६० चौकटींचे, म्हणजेच २.४ सेकंदांचे. हे गणित डोक्यात बसले की कोणता शॉट किती टिकेल हे कागदावरच ठरवता येते. पुढे संवादाचे प्रसंग संकलित करतानाही हा लयीचा अंदाज कामी येतो.

*संथ गतीची युक्ती.* १९९२ च्या ‘जो जीता वही सिकंदर’मधील ‘पहला नशा’ हे गाणे संथ गतीत आहे, तरी ओठ गाण्याशी जुळतात. हे कसे होते, असे मुले विचारतात. चित्रणाच्या वेळी गाणे जलद वाजवायचे आणि कॅमेराही जास्त चौकटींवर चालवायचा. सेकंदाला ५० चौकटी टिपल्या आणि पडद्यावर २५ च्या गतीने दाखवल्या तर हालचाल निम्म्या वेगाची होते. म्हणून चित्रणस्थळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते. चार मिनिटांचे गाणे तिथे दोन मिनिटांत संपते. कलाकाराने त्या वेगाने ओठ हलवले की पडद्यावर ते मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. त्या गाण्याच्या नृत्यदिग्दर्शिका फराह खान पुढे ‘मैं हूँ ना’ (२००४) घेऊन दिग्दर्शिका झाल्या.

*उजेड.* कमी पैशांत काम करणाऱ्याला सूर्याशी मैत्री करावी लागते. सकाळचा आणि सांजवेळचा तिरका उजेड चेहऱ्याला उठाव देतो; दुपारी बाराचा उजेड डोळ्यांखाली सावल्या पाडतो. घरातल्या दिव्यांखाली चित्रण करताना शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर वेगांवर चित्र लुकलुकण्याची शक्यता असते. मोबाइलमध्ये उजेडाचे मोजमाप कायम करण्याची सोय असते. ती वापरली नाही तर माणूस खिडकीजवळून गेला की सगळे चित्र आपोआप काळे-पांढरे होत राहते.

*निवड.* चार मिनिटांत दहा ठिकाणे दाखवण्याचा मोह सर्वांना होतो. त्याऐवजी एकच अंगण घ्यावे आणि ते सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि पावसात दाखवावे. एका जागेचे चार चेहरे शोधताना जी नजर लागते, तिलाच पुढे शैली म्हणतात.

*चुकण्याची मुभा.* चित्रपट फसला तर निर्माता बुडतो, गाणे फसले तर एक रविवार जातो. नवा प्रयोग करण्यास गाण्याइतकी स्वस्त पाटी दुसरी नाही.

जे गाणे शिकवत नाही

दुसरी बाजूही सांगायला हवी. केवळ गाणी करणाऱ्याला संवादाचा प्रसंग अवघड जातो. दोन माणसे जेवताना बोलत आहेत, एवढ्याशा प्रसंगात तो उगाच कॅमेरा फिरवू लागतो. नटाकडून अभिनय करून घेण्याचा सराव त्याला नसतो, कारण गाण्यात चेहरा सुंदर दिसला की भागते. पात्राचा बदल तासाभरात हळूहळू कसा दाखवायचा, हेही चार मिनिटांत शिकता येत नाही. त्यासाठी नाटक पाहावे, करावे आणि कथा-कादंबऱ्या वाचाव्यात. आपल्या गावांत उत्सवी नाटकांची परंपरा आहे. कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलाने एका नाटकाच्या तालमीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसावे, असा आमचा आग्रह आहे.

आपल्या मातीची चित्रशाळा

पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके म्हणजे प्रकाश आणि रंग शिकण्याची शाळाच आहे.

दशावतारी काला रात्रभर चालतो. काळ्या वेशातला, लांब लाल जीभ लोंबणारा संकासुर मंडपात शिरतो तेव्हा मुले आईच्या पदराआड लपतात. एका बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज, दुसऱ्या बाजूला रंगवलेले चेहरे आणि मागे साधा पडदा. एवढ्या थोड्या साधनांत राजवाडा, रान आणि रणभूमी उभी करणारा दशावतारी नट हा दृश्यकथनाचा मोठा गुरू आहे. त्याचे प्रवेश कुठून होतात, तो प्रकाशात कधी येतो, युद्धनृत्यात पखवाज कुठे थांबतो, हे नीट पाहिले तर संकलनाचे निम्मे धडे तिथेच मिळतात.

शिगम्यातील घोडेमोडणी ही चालत्या कॅमेऱ्याची परीक्षा आहे. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फेटा, हातात तलवार आणि मागे ढोल-ताशांचा गजर. पुढे-मागे होणाऱ्या त्या पदन्यासाबरोबर कॅमेरा हलवायचा की एका जागी ठेवून रांगा चौकटीत येऊ-जाऊ द्यायच्या, हा निर्णय दिग्दर्शकाचा. साखळीच्या वीरभद्रात मशालींचा उजेड हलता असतो. तेथे विजेचा प्रखर दिवा लावला की सारा परिणाम नाहीसा होतो.

डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लाल रंग आपल्या डोळ्यांना इतका सवयीचा आहे की तो कोणी टिपत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या घडामोडींत ट्रकवाले, गॅरेजवाले, खानावळवाले अशा कितीतरी घरांचे गणित बदलले. लाल धुळीने माखलेले माड, पाणी साचलेली खंदके आणि दारात उभा राहून गंजलेला ट्रक या दृश्यांत एका पिढीची कथा आहे. पेडण्यात मोपाचे पठार आता विमानतळ झाले आहे. जेथे गुरे चरत तेथे धावपट्टी आहे. हे बदल घडत असताना टिपले नाहीत तर पुढच्या पिढीला ते केवळ कागदपत्रांत सापडतील. चार मिनिटांच्या गाण्यातही ते मावतात. त्यासाठी किनाऱ्यावर गिटार घेऊन उभे राहण्याचा ठरावीक साचा सोडावा लागेल.

नार्व्याचे सप्तकोटेश्वर, हरवळ्याचा धबधबा, मये तलाव, तेरेखोलचा किल्ला, नदीमुखाजवळचे केरी, पालये-कोरगावची शेते ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. ती दाखवताना तेथे राहणारा माणूसही चौकटीत यावा, एवढीच सूचना.

चित्रीकरणापूर्वी लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. सार्वजनिक ठिकाणी व्यावसायिक चित्रीकरण करायचे असल्यास गोवा मनोरंजन संस्था ही शासनाची परवानगीविषयक मुख्य यंत्रणा आहे. देवस्थानाच्या आवारासाठी समितीची संमती वेगळी घ्यावी.

२. विधी आणि प्रयोग यांत फरक करावा. काल्यातील नाट्यप्रवेश टिपणे आणि अवसर आलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानकऱ्यांनी नको म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

३. गर्दीच्या जत्रेत तिकाटणे किंवा दिव्याचे खांब वाटेत उभे करू नयेत. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराई जत्रेत चेंगराचेंगरी होऊन जीव गेले. अरुंद वाट मोकळी ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

४. मोरजी आणि मांद्रे किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात. विणीच्या हंगामात रात्री तेथे प्रखर दिवे आणि मोठा आवाज करू नये.

५. विमानतळाच्या आसपासच्या निर्बंधित क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. मोपामुळे हा नियम पेडणेकरांना विशेष लागू होतो. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहावा.

६. गाण्याचे हक्क तपासावेत. भारतात गीत आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतात. पारंपरिक ओवी किंवा फुगडीगीत सर्वांचे असते, पण कोणी केलेले त्याचे ध्वनिमुद्रण त्याचे असते. सोपा उपाय म्हणजे आपल्याच गावातल्या गायिकेकडून ते नव्याने गाऊन घ्यावे, तिचे नाव द्यावे आणि तिला मानधन द्यावे.

७. मूळ चित्रण पुसू नये. दोन वेगवेगळ्या साठवणींत ते ठेवावे आणि सोबत तारीख, गाव, गाणाऱ्याचे व वाजवणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. आज जे गाण्याचे उरलेले तुकडे वाटतात, ते वीस वर्षांनी गावाचा दस्तऐवज होतात.

पालकांसाठी

२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. गोवा राज्य चित्रपट महोत्सवात कोंकणीबरोबर मराठी चित्रपटांनाही स्थान आहे. म्हणजे आपल्या मुलांना जगाचा सिनेमा पाहण्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. पणजीपर्यंतची बस पुरते. नोव्हेंबरमध्ये त्यांना चार दिवस महोत्सवाला जाऊ द्यावे. त्यांनी केलेले गाणे घरात सर्वांसमोर लावावे आणि केवळ ‘छान झाले’ म्हणून सोडून देऊ नये. आजीला विचारावे, फुगडीचा फेर असाच धरतात का? काकांना विचारावे, ढोलाचा ठेका बरोबर पडला आहे का? आपल्या घरांत अजून अशी माणसे आहेत, जी या गोष्टी अंगाने जाणतात. मुलाकडे कॅमेरा आहे आणि त्यांच्याकडे माहिती आहे. दोघांची गाठ आताच घालून दिली पाहिजे, कारण कॅमेरा पुढेही मिळेल, ती माणसे मिळणार नाहीत.